शून्य वॉर्निंग

स्क्रीनवर शून्य उमटलं तेव्हा आगटेसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे काढला आणि त्या शून्यावर बोट टेकवलं. काचेवर तेलकट ठसा राहिला.

"शिकलगार, सुटलात तुम्ही," ते म्हणाले.

शेजारच्या टेबलावर अन्वरभाई शिकलगार चष्म्याच्या काड्या पुसत बसले होते. काचा सोडून काड्या पुसणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. त्यांनी मान हलवली, पण पुसणं थांबवलं नाही. साहेबांनी पेढे मागवले. साहेब आनंदातही हिशेबी. पेढे सुरीनं अर्धे करूनच टेबलाटेबलांवर गेले.

ही गोष्ट कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली. आता मी पुण्यात असते आणि त्या कंपनीच्या जागी टाइल्सचं गोदाम आहे. तेव्हा आम्ही रक्तपेढीच्या फ्रीजशेजारी भिंतीवर लावायचा एक डबा बनवत होतो. फ्रीजच्या आतलं तापमान त्याच्या पडद्यावर दिसायचं, आणि ते दोन ते सहा अंशांच्या बाहेर गेलं की डबा कोकलायचा. डब्याचा सगळा कोड अन्वरभाईंनी लिहिलेला. तो ज्या टूलमध्ये लिहिला ते टूल आता जुनंपुराणं झालं होतं, पण सोडता येत नव्हतं. डब्यातला बोर्ड बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तो बोर्ड त्या टूलखेरीज कुणाचंच ऐकत नव्हता.

डबे घेणारं मोठं गिऱ्हाईक एकच, चार जिल्ह्यांत रुग्णालयं असलेला एक ट्रस्ट. त्यांनी त्या वर्षी नवी अट घातली होती की कोड अ‍ॅनालायझरकडून तपासून रिपोर्ट द्या. अ‍ॅनालायझर म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून त्यातल्या धोक्याच्या जागा दाखवणारा प्रोग्रॅम. जागा दिसली की वॉर्निंग. रिपोर्ट स्वच्छ असेल तर करार पुढे चालू. नसेल तर, साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, डब्याचं टेबल बंद. डब्याचं टेबल म्हणजे अन्वरभाई. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती, धाकटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि जगात कुणाला नको असलेल्या टूलमधला जाणकार सांगली-मिरजेत कोण ठेवून घेणार, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

मी वरच्या मजल्यावरची, नव्या कामांची. मला खाली पाठवलं कारण मी नुकतीच रजेवरून आले होते आणि साहेबांच्या मते हे काम हलकं होतं. रजा घेतली होती सुहासच्या दिवसांसाठी. सुहास माझा धाकटा भाऊ. पेठ रस्त्याला त्याच्या मोटारसायकलला ट्रकची धडक बसली.

तेव्हा मला काही वाटत नव्हतं. सकाळी उठत होते, जेवणाचा डबा भरत होते, वेळेत येत होते. भेटायला येणाऱ्यांचा मात्र मनातल्या मनात चोख जमाखर्च चालायचा. कोण खरंच रडलं, कोणी रडण्याआधी चपला कुठे काढल्या ते बघून ठेवलं, कोण "काही लागलं तर सांग" म्हणून फोन न उचलणारं निघालं. आई म्हणायची, वृंदा फार धीराची. ऑफिसात लोक विचारायचे, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "बरी आहे." तेवढ्यानं त्यांचं काम व्हायचं.

तर शून्य. पेढा तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की बिल्डला जास्त वेळ लागला नव्हता. बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं. एरवी जेवढ्या वेळात ते व्हायचं, तेवढ्याच वेळात आजही झालं होतं. अ‍ॅनालायझर कोड वाचतो; वाचायचं म्हणजे वेळ जाणारच. घरी चार पाहुणे येऊन गेले आणि दूध तेवढंच खर्च झालं, तर पाहुण्यांना चहा मिळाला का, अशी शंका यायला हवी.

साहेब वर गेल्यावर मी सेटिंगची फाइल उघडली.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जिन्याजवळ टीव्ही होता, त्यावर प्रत्येक टेबलाच्या वॉर्निंगचा आकडा झळकायचा. शनिवारी ज्याचा आकडा शून्य, त्याला जेवणानंतर घरी जायची मुभा. साहेबांना वाटलं, लोक कोड सुधारतील. लोकांनी त्याहून सोपं शोधलं. सेटिंगमध्ये एक ओळ असते, तिच्यात वॉर्निंगचा क्रमांक लिहिला की ती वॉर्निंग दिसेनाशी होते. मुळात असतेच, फक्त दिसत नाही. शनिवारी दुपार जवळ आली की अख्ख्या कंपनीत त्या ओळी लांब होत जायच्या. साहेब टीव्हीवरची शून्यं बघून खूश आणि आम्ही पाचच्या गर्दीऐवजी रिकाम्या बसनं घरी.

अन्वरभाईंची ओळ सगळ्यांत लांब होती. जुनं टूल प्रत्येक बिल्डला उगाच कुरकुर करायचं, ती कुरकुर त्यांनी एकेक करून बंद केली होती. मी ती अख्खी ओळ पुसली आणि पुन्हा बिल्ड केलं. जुनी कुरकुर सगळी परत आली, आणि तिच्यात कधी न पाहिलेला एक मजकूर पिवळ्या अक्षरांत होता.

"अन्वरभाई, हे बघता?"

ते खुर्ची सरकवत आले. मी वाचून दाखवलं. हा अ‍ॅनालायझर नव्या कंपायलरसाठी बनवला आहे, इथला कंपायलर, म्हणजे कोडचं बिल्ड करणारं आपलं टूल, जुना आहे, म्हणून तो लोड झालेला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तपासणारा आलाच नाही. दारातूनच परत गेला."

"मग शून्य कुणी दिलं?"

"कुणीच नाही. कुणी काही बोललं नाही, त्याला आपण शून्य म्हणालो."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. साहेबांना सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला. मग ते उठून खिडकीशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पलीकडच्या फाउंड्रीची भिंत होती आणि तिच्यावर "येथे कचरा टाकू नये" असं लिहिलेल्या पाटीखाली कचरा होता.

"हे शून्य असंच पाठवलं तर कुणाला कळेल?" त्यांनी विचारलं.

"नाही कळणार."

"माझी तीन वर्षं निघून जातील."

"हो."

"तुला काय वाटतं?"

मला खरंच काही वाटत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता. अन्वरभाई हसले. म्हणाले, "माझा कोड आजवर कुणी वाचलेला नाही, वृंदा. लिहिला मी, चालवला मशीननं. शोध, या म्हाताऱ्या टूलशी बोलेल असा एखादा तपासनीस. बघू तरी तो काय म्हणतो."

मी मागे मागे जात गेले. अ‍ॅनालायझरचं आदल्या वर्षीचं व्हर्जन घ्यावं, तर त्याला एक मदतनीस लायब्ररी लागायची. त्या लायब्ररीला आणखी एक, आणि ती शेवटची म्हणणार, कंपायलर नवा असेल तरच मी येते. मावशी म्हणते काका आले तर येईन, काका म्हणतात आत्याला बोलावलं असेल तर नाही, आणि आत्याला मुळात हॉल पसंत नाही. लग्नाच्या याद्या करताना जे होतं तेच. अन्वरभाई माझ्या टेबलावर भडंगाचा कागद पसरून बसायचे आणि प्रत्येक नकारावर विचारायचे, आता कोण रुसलं. शेवटी फार जुनं, कुणी वापरत नसलेलं एक व्हर्जन सापडलं. नियम थोडे कमी, पण मदतनीस कुणी लागत नव्हता.

बिल्ड लावलं. या वेळी ते चाललं, आणि चालत राहिलं. मशीनच्या पंख्याचा आवाज वाढला. अन्वरभाई उठून उभे राहिले, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यासारखे.

वॉर्निंगा तीनशेच्या वर निघाल्या.

त्यातल्या बहुतेक फुकटच्या होत्या. या नावाचं पहिलं अक्षर मोठं हवं, हा आकडा कुठेच वापरलेला नाही, ही ओळ लांबली. आम्ही दोघं दोन दिवस बसून एकेक वाचत होतो आणि अन्वरभाई प्रत्येकीला उत्तर देत होते. "बाई, हे नाव माझ्या सासऱ्यांनी नव्हतं ठेवलेलं, बदलतो." "ही ओळ लांब आहे कारण तेव्हा दिवस लांब होते." मी हसायच्या जागी हसत होते. हसायचं कुठे ते मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी एक वॉर्निंग आली: चूक पकडली आहे आणि गिळली आहे. ती वाचून त्यांनी भडंगाचा कागद बाजूला सारला.

मी कोड उघडला. डबा दर मिनिटाला फ्रीजमधल्या सेन्सरला विचारतो, तापमान किती. सेन्सरकडून उत्तर आलं नाही, वायर निघाली, उंदरानं कुरतडली, काहीही झालं, तर चूक निर्माण होते. ती चूक इथे पकडली जात होती आणि तिचं पुढे काहीही केलेलं नव्हतं. फक्त आधीचा आकडा पुन्हा दाखवायचा. चार अंश होते? चारच दाखव. पुढल्या मिनिटालाही चार. आतमध्ये फ्रीज बंद पडला तरी चार. आणि चार म्हटल्यावर डबा कोकलणार नाही.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं.

"मीच. लोडशेडिंगच्या दिवसांत. जनरेटर सुरू होताना क्षणभर सेन्सर गप व्हायचा आणि सगळे डबे एकदम ओरडायचे. सिस्टर लोक वैतागून डब्यांच्या वायरीच काढून ठेवायच्या. साहेब म्हणाले, ओरडणं थांबवा. मी म्हटलं, तात्पुरतं करतो, मिनिटभर आधीचा आकडा धरून ठेवतो." त्यांनी बोटानं ती ओळ दाखवली. "मिनिट मोजायचं राहिलं."

"इतकी वर्षं?"

"कुणी तक्रार केली नाही ना. तक्रार नाही म्हणजे चाललंय." मग पडद्याकडे बघतच, आवाज न बदलता ते म्हणाले, "तू जेवतेस का, वृंदा?"

"जेवते की."

"काल काय होतं डब्यात?"

मला सांगता येईना. मी खूप आठवलं. डबा घासलेला आठवत होता.

त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी झाकणात काढून माझ्यापुढे ठेवली आणि मी ती संपेपर्यंत पुढची वॉर्निंग उघडू दिली नाही. भाजी तिखट होती. फार दिवसांनी काहीतरी तिखट लागलं.

दुपारी आम्ही वर गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी आधी दार लावलं, मग विचारलं की पहिला रिपोर्ट खोटा होता का. मी म्हटलं, खोटा नाही, पण तपासणी न झालेला.

"पण त्यावर शून्यच आहे ना?"

"आहे."

"मग तो आज पाठवू. करार होऊ दे. दुरुस्ती करा, आणि पुढच्या भेटीत आपला माणूस गुपचूप डबे बदलून येईल. कुणाचं नुकसान नाही." मग अन्वरभाईंकडे वळून ते जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "शिकलगार, हे मी माझ्यासाठी बोलतोय का? करार गेला तर मला टेबल ठेवता येणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे, साहेब."

"मग?"

"सही माझी लागते ना रिपोर्टवर?"

"तुमचीच."

"मग दुसऱ्याची घ्या," अन्वरभाई म्हणाले. "मी दुसरा रिपोर्ट पाठवतो. तीनशेवाला."

साहेब बराच वेळ बोलले. धाकटीच्या फीचा विषय त्यांनीच काढला, आणि काढल्यावर स्वतःच खाली बघितलं. मी दाराशी उभी होते. कोण किती वेळा पाणी प्यायलं आणि कुणाचा पाय हलत होता, ते मी टिपत होते. अन्वरभाईंचा हलत नव्हता.

आम्ही खाली आल्या आल्या रिपोर्ट पाठवला. सोबत अन्वरभाईंनी चार ओळी लिहिल्या, कुठली वॉर्निंग आधी वाचावी ते सांगणाऱ्या. तासाभरात ट्रस्टच्या रक्तपेढ्यांच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कर्वेमॅडम त्यांचं नाव. अन्वरभाईंनी फोन स्पीकरवर ठेवला, बहुधा साक्षीला कुणी असावं म्हणून. मॅडमनी ना कोडचं विचारलं, ना कराराचं.

"शिकलगार, मला एकच सांगा. आत्ता माझ्यासमोर डब्यावर चार दिसतंय. हे आत्ताचं चार आहे का?"

अन्वरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"माहीत नाही, मॅडम."

"म्हणजे असेलही आणि नसेलही?"

"हो. आत हातानं थर्मामीटर ठेवून बघा. सगळ्या फ्रीजना. आजच बघा."

पलीकडे कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळपर्यंत सगळीकडून कळत गेलं. चार जिल्ह्यांत सगळे फ्रीज ठीक निघाले, एक सोडून. तालुक्याच्या एका रुग्णालयातल्या फ्रीजच्या डब्यावर चार होतं आणि आत अकरा. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येईना. आतल्या सगळ्या पिशव्या टाकून दिल्या. त्यातलं रक्त कुणाला आधीच चढवलं गेलं होतं का, हे मॅडमनी शोधलं असणार. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि अन्वरभाईंनी विचारायला दोनदा फोन उचलून खाली ठेवला.

करार गेला. साहेबांनी महिनाअखेरीचं पत्र अन्वरभाईंच्या हातात स्वतः आणून दिलं, पाकिटात घालून, आणि चहा सांगू का म्हणून विचारलं. अन्वरभाई म्हणाले, सांगा. दोघांनी चहा घेतला. कंपनी उभी राहिली तेव्हापासूनची ओळख. बोलायला विषय भरपूर असणार, पण ते पावसावर बोलले.

मला वाटलं होतं, आता ते उरलेली रजा घेतील. सगळेच घेतात, आमच्याकडे नोटिशीचा महिना म्हणजे लग्नं, कोर्ट आणि दात यांच्यासाठी असतो. ते रोज वेळेवर येत राहिले. डबे अजून चार जिल्ह्यांत भिंतींवर होतेच, दुसऱ्या कंपनीचे येईपर्यंत राहणार होते, आणि साहेबांनी मला वर बोलावून सांगितलं की या कामाचे पैसे कुणी देणार नाही तेव्हा तू त्यात वेळ घालवू नकोस. मी हो म्हणाले आणि खाली येऊन अन्वरभाईंच्या शेजारी बसले. साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही.

दुरुस्ती छोटी होती. तिची चाचणी मोठी. मागच्या खोलीत चाचणीचा एक फ्रीज होता, त्याच्याशेजारी आमचा डबा लावलेला. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी अन्वरभाईंनी नवा बिल्ड डब्यात भरला. पडद्यावर चार आलं. आम्ही दोन स्टुलं ओढून बसलो. काही वेळ चारच होतं, आणि ते खरं होतं. मी आत थर्मामीटर ठेवून बघितलं.

मग अन्वरभाईंनी फ्रीजच्या मागे हात घातला आणि सेन्सरची वायर उपटली.

चार. अजून चार. जनरेटर सुरू व्हायला लागतो तेवढा वेळ, म्हणजे ते जुनं राहून गेलेलं मिनिट, त्यांनी आता मोजलं होतं. मग आकडा गेला. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या, आणि डबा कोकलायला लागला.

तो आवाज मी आधी बंद खोलीत ऐकला नव्हता. भांड्याच्या दुकानात कुणी पत्रा ओढावा तसा होता, थांबतच नव्हता. वॉचमन धावत आला. त्याच्या मागून फाउंड्रीतला एक माणूस कुंपणावरून डोकावला. वॉचमननं बटणाकडे हात नेला आणि ओरडून विचारलं, "बंद करू का, अन्वरभाई?"

अन्वरभाई माझ्याकडे बघत होते. मला तोवर कळलं नव्हतं की माझ्या मांडीवरचा चाचणीच्या नोंदींचा कागद भिजला होता. तोंडातून आवाज निघत होता का, तेही मला सांगता येणार नाही; डब्याच्या कोकलण्यात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"राहू दे," अन्वरभाई वॉचमनला म्हणाले. "वाजू दे थोडं."

त्यांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं आणि परत स्टुलावर येऊन बसले.